पुस्तक पालथे ठेवल्यावर

ॲड. वसंतराव यांची आणि माझी पहिली भेट नारायणगावात झाली, पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. खाली मोटारींचे वाइंडिंग चालू असे, त्यामुळे वर बसलेल्या प्रत्येकाला आवाज थोडा चढवूनच बोलावे लागे. मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात मापनयंत्रे तपासण्याचे काम करत होते आणि नोकरी सांभाळून पुण्याला कायद्याचे शिक्षण घेत होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पेपरात मी नापास झाले. बोरी बुद्रुकला, म्हणजे माझ्या गावी, शाळेतल्या जुन्या गुरुजींनी सांगितले की नारायणगावला वसंतराव वकिलांकडे रविवारी जा, ते शिकवतात. मी गेले.

मी नापास का झाले हे मला समजत नव्हते. माझे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चार रंगांत रंगवलेले होते. व्याख्या पिवळ्या, अपवाद गुलाबी, मुदती निळ्या आणि न्यायालयांचे निकाल हिरव्या रंगात. पहिल्या पानावर कोणता रंग कशासाठी याचा तक्ताही होता. सरांनी पुस्तक हातात घेतले, काही पाने उलटली आणि विचारले, "रंगकाम छान झालंय. घराचं पण तुम्हीच करता का?"

खोलीतले दहा-बारा जण हसले. सरांनी पुस्तक मिटले, टेबलावर पालथे ठेवले, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता सांगा. तात्पुरता मनाई हुकूम द्यायचा की नाही, हे न्यायाधीश कशावरून ठरवतात?"

मला ते पान आठवत होते. डावीकडचे पान, वरून दुसरा परिच्छेद, हिरवा रंग. त्या परिच्छेदात काय लिहिले होते ते आठवत नव्हते. सर थांबले. त्यांच्या थांबण्यात राग नव्हता आणि घाईही नव्हती, त्यामुळे ते जास्त अवघड वाटले. शेवटी मी म्हणाले, "मला येतं, सर. फक्त सांगता येत नाहीये."

"जे सांगता येत नाही, ते येत नाही," सर म्हणाले. "निदान वकिलाला तरी नाही. न्यायाधीश तुमच्या डोक्यात डोकावून बघत नाहीत."

हे वाक्य मी नंतर असंख्य वेळा ऐकले. सरांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाने ऐकले आहे. ते इथे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते, कारण पुढे त्याच्याकडे परत यावे लागणार आहे.

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी त्यांच्या अभ्यासपद्धतीवर लिहावे, असे समितीने कळवले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपयोग होईल असे लिहा, आणि शक्यतो आनंदी सुरात लिहा, असेही कळवले. पहिली सूचना पाळण्याचा मी प्रयत्न करते. दुसरी पाळणे मला जमेलसे वाटत नाही.

सरांची पद्धत सांगायला सोपी आहे. एक कलम घ्यायचे. सावकाश, एकदाच वाचायचे. पुस्तक पालथे ठेवायचे. कोऱ्या कागदावर, निळ्या शाईने, आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचे. अडले तरी पुस्तक उलटायचे नाही, बसून राहायचे. खरोखर काही उरले नाही असे वाटले की मग पुस्तक उघडायचे आणि जे राहिले ते लाल शाईने भरायचे. पुढचा अभ्यास सुरू होतो तो फक्त लाल शाईपासून. सर म्हणत, "निळं तुमचं झालेलं आहे, ते परत परत वाचून स्वतःला शाबासकी देऊ नका. लाल बघा. लाल बघायला नको वाटतं, म्हणूनच बघा."

मला हे लगेच पटले, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत होते. एखादे यंत्र बरोबर मोजते की नाही हे त्याच यंत्राने पुन्हा मोजून कळत नाही. ते प्रमाणित मापाशी ताडून पाहावे लागते. पुस्तक समोर उघडे ठेवून ते परत परत वाचणे म्हणजे यंत्र स्वतःशीच ताडून पाहणे आहे. दरवेळी आकडा जुळतो आणि दरवेळी समाधान मिळते. मी नापास झाले होते ती त्या समाधानामुळे.

दुसरी पद्धत बाजाराची. सर आठवडे बाजारात हातात पिशवी घेऊन भाजी निवडत असत आणि समोरून विद्यार्थी आला की नमस्कार घेण्याआधी प्रश्न विचारत. प्रश्न नेहमी मागच्या बाजाराच्या सुमारास शिकवलेल्या भागावरचा असे, कधी त्याच्याही मागच्या. कालपरवाच शिकवलेले बाजारात कधीच विचारत नसत. एकदा मला कोथिंबिरीच्या ढिगापाशी गाठून त्यांनी वहिवाटीचा हक्क कसा निर्माण होतो ते विचारले. मी उत्तर शोधत उभी राहिले. भाजीवाल्या मावशी कंटाळल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, आधी मेथीचा निकाल लावा, मंग पोरीची उलटतपासणी घ्या. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"तारीख द्या, मावशी," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघत थांबून राहिले.

त्यांचे म्हणणे असे की शिकलेले थोडे विसरू द्यायचे आणि पूर्ण पुसले जाण्याआधी परत गाठायचे. आठवताना कष्ट पडले पाहिजेत. कष्टाने परत आणलेले टिकते, आयते समोर आलेले टिकत नाही. याला त्यांनी कधी काही नाव दिले नाही. आम्ही मुले आपसांत "बाजार भरला" म्हणायचो. बाजाराच्या दिवशी सरांचा रस्ता टाळून टोमॅटोच्या क्रेटांमागून जाणारेही होते. सरांना ते रस्ते माहीत होते.

तिसरी पद्धत घोडेगावच्या न्यायालयाच्या व्हरांड्यातली. सरांच्या स्वतःच्या अशिलांची सुनावणी झाली की त्यांच्या परवानगीने सर एका विद्यार्थ्याला पुढे करत. आत काय झाले ते त्याने अशिलाला समजावून सांगायचे. अट एकच, कलमाचा आकडा आणि इंग्रजी शब्द उच्चारायचा नाही. माझ्या वाट्याला हौसाबाई आल्या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. त्यांच्या भाताच्या खाचराच्या बांधावरून चुलतघराण्याशी दावा चालू होता. त्या दिवशी समोरच्या बाजूचा एकजण वारला असल्याचे न्यायालयाला कळवले गेले आणि पुढची तारीख पडली.

मी सुरुवात केली, "आजी, प्रतिवादी क्रमांक दोन मयत झाल्यामुळे त्यांचे कायदेशीर वारस अभिलेखावर आणण्याकरिता..."

हौसाबाई ऐकत होत्या. मग शेजारी बसलेल्या आपल्या भावाला म्हणाल्या, "पोरगी लई भारी बोलती रं. पर काय बोलती?"

मी पुन्हा सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, "म्हंजी म्हातारा मेला म्हून माझी केस बी मेली का?"

"नाही आजी. केस जिवंत आहे. त्यांच्या मुलांची नावं लावायची, मग पुढं चालेल."

"मग आसं बोल की! मगाधरनं काय इंग्रजीत रडत व्हतीस?"

मला वाटले, झाले. सर बाजूला उभे होते. त्यांनी त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न विचारला, "काय राहिलं?" मी म्हणाले, काही नाही. सर म्हणाले, "केस मेली का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही 'नाही' म्हणालात. बरोबर उत्तर 'अजून नाही' असं आहे. ठरलेल्या मुदतीत आपण वारसांची नावं लावली नाहीत, तर त्या माणसापुरती केस खरंच मरते. 'अजून' राहिलं. त्या एका शब्दावर बाईंचं खाचर जाऊ शकतं."

संहितेतला वारसांबद्दलचा तो आदेश आणि त्याचे नियम मी पुन्हा कधी पुस्तकात उघडून पाहिले नाहीत. पाहावे लागले नाहीत. पुढच्या परीक्षेत मी दिवाणी प्रक्रिया संहितेत उत्तीर्ण झाले. सरांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आता काय राहिलं?"

सरांच्या शिस्तीबद्दल इतर लोक लिहितीलच. मी त्यांच्या वर्गाच्या वेळेबद्दल लिहिते. वर्गाला घड्याळाची वेळ नव्हती. आमच्यात संतोष नावाचा मुलगा होता, डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरातला, घरी भात आणि नाचणी. त्याची बस कधी येई, कधी येत नसे. मंचरला उतरून तो जीपने नारायणगावला पोहोचला की वर्ग सुरू होई. तो येईपर्यंत सर नवीन काही शिकवत नसत. नारायणगावची मुले चिडत. एकाने उघड विचारले, "सर, आमी काय त्या बशीचं नोकर हाये का?"

"न्यायालय दोन्ही बाजू हजर झाल्यावर चालतं," सर म्हणाले. "एकतर्फी निकाल मला आवडत नाहीत. तोवर लाल शाई बघा."

संतोष आज घोडेगावला वकिली करतो. त्याच्या वाडीतून वकील झालेला तो पहिला आहे.

सर सगळ्या विद्यार्थ्यांना "तुम्ही" म्हणत, काल आलेल्यालासुद्धा. पुढे लोक तुम्हाला वकीलसाहेब म्हणणार आहेत, आत्तापासून सवय लावून घ्या, असे त्याचे कारण सांगत. मला वैयक्तिक प्रश्न त्यांनी कधी विचारले नाहीत. मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. एका रविवारी मी वर्गाला येऊ नये अशा अवस्थेत आले होते. घरी एक ठरलेली गोष्ट मोडली होती, तपशील इथे आवश्यक नाही. माझा चेहरा लपण्यासारखा नव्हता. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिले, एक लांबलचक निकालपत्र काढले, त्याच्या प्रती सर्वांना वाटल्या आणि म्हणाले, "आज वाचन यांच्याकडे. बाकीच्यांनी कागदावरून नजर उचलायची नाही. मध्ये अल्पविराम चुकला तर मी विचारणार आहे." मी सगळा वेळ वाचत राहिले आणि कोणीही माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी ते मुद्दाम केले होते हे मला फार नंतर शालिनीकाकूंकडून कळले. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सरांनी स्वतः त्याचा कधी उल्लेख केला नाही.

पुण्याच्या एका प्रकाशकांनी ही पद्धत पुस्तकरूपाने लिहून द्या म्हणून सरांना बरेच सांगून पाहिले. सरांनी नकार दिला. "छापलं की मुलं ते पाठ करतील," ते म्हणाले. "पाठांतराविरुद्धचं पुस्तक पाठ केलेलं मला बघवणार नाही." त्यामुळे सरांच्या हातचे काहीही लिखित स्वरूपात नाही. जे होते ते त्यांच्या बोलण्यात होते. मी आज त्यांच्या इच्छेविरुद्ध ते लिहिते आहे, आणि अपुरे लिहिते आहे याची मला जाणीव आहे.

गेल्या हिवाळ्यात, वर्ग चालू असताना, सरांना पक्षाघाताचा झटका आला. मी त्या दिवशी चाकणला होते. संतोष तिथे होता; वकील झाल्यावरही तो वर्गाला येत असे. त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत देते.

"सरांनी पुस्तक पालथं ठेवलं. 'आता' म्हणले. पुढचं 'सांगा' काय म्हणले न्हाईत. आमाला वाटलं, थांबल्यात. सर थांबायचंच की. मंग एका पोरानं आपणहून सांगायला घेतलं. सगळं सांगितलं त्यानं, पार शेवटापातूर. सर बघत व्हते. 'काय राहिलं' बी म्हणले न्हाईत. पोरगं खूश झालं, म्हणलं, आज माझं काय राहिलं न्हाई वाटतं. आमी हसलो. मंग सरांचा हात पुस्तकावरनं घसरला."

शांततेला घाबरायचे नाही, ती मोडायची नाही, आठवणाऱ्याला वेळ द्यायचा, हे सरांनीच शिकवले होते. दुसऱ्या कुठल्याही वर्गात शिक्षक असे गप्प झाले असते तर मुले उठून जवळ गेली असती. या वर्गातली मुले शिस्तीने बसून राहिली. यात कोणाची चूक होती असे डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. संतोष मात्र अजून म्हणतो.

सरांचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. त्यांना समजते सगळे. बोलणे ऐकतात, वर्तमानपत्र समोर धरले तर पाने योग्य जागी उलटतात. शब्द बाहेर येत नाहीत. जे येतात ते भलतेच येतात आणि ते भलते आहेत हे त्यांना त्याच क्षणी कळते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले होते की त्यांच्याशी गप्पा मारा, घरातल्या रोजच्या गोष्टी बोला, गाणी म्हणा, पण सतत विचारू नका. आम्ही ऐकले. मग घरी येऊन आम्हाला जी एकच पद्धत येत होती ती वापरली. संतोषने चमचा दाखवला, मुठीत झाकला आणि म्हणाला, "आता सांगा, सर." सरांचे ओठ हलले. घशातून आवाज आला, शब्द झाला नाही. संतोष थांबला. मीही थांबले. आम्हाला थांबता येत होते. सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अरे, परीक्षा घेताय का त्यांची? हॉल तिकीट विचारलं का आधी?"

संतोष म्हणाला, "काकू, सरांचीच पद्धत हाये ही."

"ती शिकणाऱ्याची पद्धत. हे शिकत नाहीयेत, बाबा. हे घरातल्या घरात हरवलंय ते शोधतायत. शोधणाऱ्याच्या डोक्यावर असं उभं राहतात का?" त्यांनी संतोषच्या हातातून चमचा काढून घेतला आणि त्याच चमच्याने सरांना खिमटी भरवायला बसल्या.

त्या संध्याकाळी काकूंनी देवापुढे दिवा लावून आरती म्हटली आणि सर त्यांच्याबरोबर म्हणू लागले. सगळे शब्द, स्पष्ट, चालीत. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आरती संपली. सरांना पाणी हवे होते. ते त्यांना मागता आले नाही.

उपचाराच्या बाईंनी नंतर समजावले की लहानपणापासून चालीवर पाठ असलेले मेंदूत वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे असे होते. कारण समजले. पण जन्मभर पाठांतराच्या विरोधात बोलणाऱ्या माणसाकडे आज फक्त पाठ केलेलेच शिल्लक आहे, हे मला स्वीकारता आलेले नाही. मी अजूनही मापनयंत्रांच्याच कामात आहे; तिथे ठरावीक चूक करणारे यंत्र आम्ही दुरुस्त करतो. दरवेळी वेगळी चूक करणाऱ्या यंत्राला प्रमाणपत्र देता येत नाही. सरांना सोमवारी काकूंचे नाव घेता येते, मंगळवारी येत नाही, गुरुवारी ते भलत्याच वस्तूला दिले जाते. सुधारणा होते आहे का, असे सगळे विचारतात. मी पाहते तेवढ्यावरून सांगायचे तर मला माहीत नाही.

सर आतून पूर्ण शाबूत आहेत याचा पुरावा आम्हाला एका दुपारी जेवताना मिळाला. संतोष नव्या दाव्याचा मसुदा वाचून दाखवत होता. जमिनीच्या मालकीच्या आधारे ताबा मागण्याची मुदत त्याने घाईत तीन वर्षे अशी वाचली. सरांनी डाव्या हातातला चमचा ताटावर आपटला. काकू म्हणाल्या, "भाजी हवी का?" सरांनी पुन्हा आपटला. संतोषने मसुदा परत पाहिला. "आयला, बारा! बारा वर्षं. चुकलं, सर." सर जेवू लागले. आम्ही हसलो, काकूही हसल्या. त्या घरात झटक्यानंतर पहिल्यांदा कोणी हसले असावे.

मी उत्साहाने म्हणाले, "म्हणजे तुम्हाला सगळं येतंय, सर."

सरांनी चमचा खाली ठेवला. डावा हात आपल्या ओठांवर ठेवला आणि मग तो हवेत आडवा हलवला. नाही. मला अर्थ कळायला वेळ लागला नाही. जे सांगता येत नाही, ते येत नाही. आम्हाला लावलेला नियम ते स्वतःला लावत होते, आणि कुठलीही सवलत न देता लावत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वर्गाच्या खोलीची किल्ली काकूंच्या हातून दुकानमालकाला परत पाठवली. संतोषने आणि मी वर्ग दुसरीकडे चालवून पाहिला. काही आठवडे मुले आली. मग एकेक कमी झाली. शेवटच्या उरलेल्यांपैकी एकाने मला सभ्यपणे सांगितले, "मॅडम, तुमचं लई भारी हाये, पण व्हिडिओ दीडपट वेगानं बघता येतो." त्याला कोरा कागद समोर ठेवून बसण्यात वेळ वाया गेल्यासारखे वाटत होते. तो चूक आहे हे मी त्याला पटवू शकले नाही. सर एका प्रश्नात पटवत असत. खोलीत आता रिकामे क्रेट रचलेले आहेत.

सरांचा नियम विद्यार्थ्यांच्या बाबतीत बरोबर आहे आणि सरांच्या बाबतीत खोटा आहे, असे मी इथे स्पष्ट नोंदवते. येत असूनही सांगता येत नाही अशी अवस्था असू शकते. सरांना हे मान्य नाही, आणि त्यांना हे मान्य नाही म्हणून ते दिवसेंदिवस प्रयत्न सोडत चालले आहेत. उपचाराच्या बाई येतात तेव्हा ते भिंतीकडे तोंड करतात. शब्द परत यायचे असतील तर त्यांनी शोधत राहायला हवे, आणि आपल्याजवळ आता काहीच नाही असे ठरवलेला माणूस शोधत नाही.

इथपर्यंतचा मजकूर लिहून झाल्यावर मी तो सरांना वाचून दाखवायला गेले. त्यांच्याबद्दल त्यांना न दाखवता छापणे मला योग्य वाटले नाही. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी सगळा वाचला. मेथीच्या निकालापाशी त्यांच्या गळ्यातून आवाज आला, तो हसण्याचा होता असे मला वाटते. शेवटचा परिच्छेद वाचताना मी वर पाहिले नाही.

वाचून झाल्यावर सरांनी डावा हात पुढे केला. मला वाटले, कागद हवे आहेत. मी दिले. त्यांनी ते मांडीवरच्या लाकडी पाटावर ठेवले, एकत्र केले, पालथे घातले आणि त्यांवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिले.

मी सांगायला सुरुवात केली. पंपदुरुस्तीची खोली, चार रंग, लाल शाई, बाजार, हौसाबाई. संतोषची बस. काकूंचा चमचा, आरती, ताटावरचा चमचा, किल्ली. लेख मीच लिहिलेला होता, तरी क्रम दोनदा चुकला. शेवटी मी थांबले. सरांनी पालथ्या कागदांवर बोटाने टकटक केली.

"वाचन राहिलं का, सर? त्या रविवारचं?" ते खरेच राहिले होते. मी तेही सांगितले. त्यांनी पुन्हा टकटक केली. काय राहिले होते ते मला माहीत होते. मी ते विसरले नव्हते, फक्त त्यांच्या तोंडावर म्हणायचे टाळले होते, आणि त्यांनी ते ओळखले होते.

मी म्हणाले, "तुमचा नियम चुकतोय, सर. तुमच्या बाबतीत चुकतोय. मी काय गाळलं ते तुम्हाला आत्ता एका ऐकण्यात कळलं. ज्याला येत नाही, त्याला राहिलेलं कळत नाही. याहून दुसरा पुरावा माझ्याकडे नाही."

सरांनी शांतपणे ऐकले. युक्तिवाद ऐकताना त्यांचे डोके एका बाजूला झुकत असे, तसे झुकले होते. मग त्यांनी मान हलवली. नाही. कागद सरळ केले आणि माझ्या हातात परत दिले.

काकू दारातून म्हणाल्या, "लागला का निकाल?"

मी म्हणाले, "अजून नाही."

अमृतमहोत्सवी वर्षात सरांना उदंड आयुष्य लाभो असे या ग्रंथात सगळेच लिहितील, आणि ते मनापासून लिहितील. मला नुसती वर्षे मागवत नाहीत, कारण त्यांचा दिवस कसा जातो ते मी पाहिले आहे. सरांच्या उजव्या हातात बळ यावे. त्यांना सकाळी स्वच्छ जाग यावी आणि तहान लागेल तेव्हा पाणी मागता यावे. काकूंची तब्येत त्यांच्यापेक्षाही चांगली राहावी. आणि माझ्याशी चाललेला हा एक वाद सरांनी हरावा. ते सहसा हरत नाहीत, त्यामुळे वेळ लागेल. लागेल तेवढा सगळा वेळ त्यांना मिळावा.